मांडुळाचं दुसरं तोंड

(स्मृती व्याख्यानमालेतलं दुसरं पुष्प. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन, किरकोळ काटछाट करून.)



पत्रिकेत माझा विषय 'आपले बिनविषारी साप' असा छापलाय. मी तो परस्पर आखडता घेतला आहे. महाराष्ट्रात सापांच्या पन्नासहून अधिक जाती, आणि त्यांतल्या बहुतेक बिनविषारी. धामण, दिवड, नानेटी, तस्कर, गवत्या, कवड्या, कुकरी... अशी हजेरी घेत बसलो तर तास संपेल आणि घरी जाताना तुमच्या लक्षात एकही राहणार नाही. तेव्हा आज एकच साप. मांडूळ.

नाव घेतल्याबरोबर थोडी खसखस पिकली, ती मला ऐकू आली. मागच्या रांगेत कुणीतरी शेजाऱ्याच्या कानात काय विचारलं असेल, तेही मला माहीत आहे. 'कितीला जातं म्हणे?' हेच ना? नागाचं नाव काढलं तर आपल्याकडे माणूस हात जोडतो. घोणशीचं काढलं तर पाय वर घेतो. आणि मांडुळाचं काढलं की भाव विचारतो. हे असं कसं झालं, आणि त्यात माझ्यासारख्यांचा हात किती, हे सांगायला मी आज उभा आहे.

ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी मला मांडूळ खऱ्या अर्थाने दाखवलं. पाहिलेलं आधीही होतं. गावात गारुडी यायचा. नागाचा खेळ झाला की पेटाऱ्यातून हे जाडजूड, तपकिरी काहीतरी काढून जमिनीवर सोडायचा आणि सांगायचा, 'सहा महिने इकडून चालतं, सहा महिने तिकडून.' आम्हा पोरांना ते पटायचं. कारण खोटं ठरवायचं तर सहा महिने थांबावं लागलं असतं, आणि गारुडी संध्याकाळीच पुढच्या गावाला जायचा. आजीने वर भर घातलेली होती, की मांडुळाने चाटलं तर अंगावर कोड उठतं. त्यामुळे आम्ही बघायचो, पण दोन हात लांबून.

मग कॉलेज. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एके दिवशी सरांनी कापडी पिशवीतून मांडूळ काढून टेबलावर ठेवलं आणि काही न शिकवता एवढंच विचारलं, 'तोंड कुठलं?' साप वेटोळं करून पडलेला. एक टोक वेटोळ्यातून वर आलेलं, बोथट, अंगठ्यासारखं, आणि हळूहळू डुलतंय. ते आपल्याकडेच बघतंय असं कुणालाही वाटावं. मी पहिल्या बाकावर होतो. ठामपणे त्या टोकाकडे बोट दाखवलं. सरांनी काचेच्या कांडीने बाजूचं वेटोळं अलगद उचललं. खाली, स्वतःच्याच अंगाखाली दडवलेलं, तोंड होतं. मोहरीच्या दाण्याएवढे दोन डोळे, त्यांत उभी बाहुली, पुढे फावड्याच्या पात्यासारखी चपटी नाकाडाची कड, आणि खालचा जबडा आत ओढून घेतलेला. सर म्हणाले, 'तू घार असतास तर आज उपाशी राहिला असतास.'

माझं सगळं आयुष्य त्या एका वाक्यामागून गेलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण आजचं व्याख्यान मात्र त्याच वाक्यातून निघालं आहे.

तर पहिली गोष्ट, शेपटी. मांडुळाला दोन तोंडं नसतात. एक तोंड आणि एक थाप असते. बहुतेक सापांची शेपटी निमुळती होत जाते, चाबकासारखी. मांडुळाची शेवटपर्यंत तेवढीच जाड राहते आणि एकदम गोल होऊन संपते, कुणीतरी करवतीने कापून कानस मारावी तशी. धोका वाटला की हा साप पळत नाही. पळणार तरी कसा? अंग जड, चाल मंद, लांबी जेमतेम दोन-अडीच फूट, फार तर तीन. फणा नाही, विष नाही, धामणीसारखा वेग नाही. चावायचाही त्याला कंटाळा. मग तो काय करतो? डोकं वेटोळ्याखाली घालतो आणि शेपटी वर करतो. ज्याला झडप घालायची असेल त्याने इथे घालावी! शेपटीवर घाव बसला तरी जीव वाचतो. डोक्यावर बसला तर संपलंच. रानातल्या मोठ्या मांडुळाची शेपटी तुम्ही कधी जवळून पाहिलीत, तर तिच्यावर जुन्या जखमांचे पांढुरके वण दिसतील. काही चोचींचे, काही दातांचे. ते वण म्हणजे प्रत्येक वेळी कुणीतरी थापेला फसलं, त्याची पावती.

आता आजीचं कोड कुठून आलं असेल, बघा. सापाच्या अंगावर पांढुरके डाग, म्हणून त्याने चाटलं की माणसाच्या अंगावर पांढुरके डाग. आपल्या बऱ्याचशा सर्पविद्येचं व्याकरण हे असं आहे. साम्य दिसलं की कारण सापडलं.

गारुड्यांनी या थापेला आणखी हातभार लावला. शेपटीच्या टोकाला चिरा पाडून तोंड केलं, डोळे केले. निसर्गाने अर्धवट सोडलेलं काम माणसाने पुरं केलं म्हणायचं! खरीखुरी दोन डोक्यांची पिल्लं सापांत क्वचित जन्मतात, पण ती दोन्ही डोकी एकाच बाजूला असतात, गर्भातल्या गडबडीमुळे. एक पुढे आणि एक मागे अशी रचना कुठल्याच सापात नाही. असती तर जेवण बाहेर कुठून पडलं असतं, हा प्रश्न सरांनी वर्गात विचारला होता. तो मी इथे सविस्तर सोडवत नाही, समोर लहान मुलं बसली आहेत.

या सापाचं घर म्हणजे भुसभुशीत, कोरडी माती. शेताचे बांध, नदीकाठची रेताड जमीन, विटांचे ढीग, कडब्याच्या गंजीखालचा गारवा. दिवसा तो मातीत आणि रात्री उंदरांच्या मागावर. उंदराच्या बिळात शिरायला हे अंग अगदी बेतून शिवल्यासारखं आहे. खवले बारीक आणि गुळगुळीत, त्यामुळे माती चिकटत नाही. जबडा आत असल्याने तोंडात माती जात नाही. नाकाडाची कड नांगराच्या फाळासारखी. भक्ष्य धरलं की त्याला विळखा. विळख्याने उंदीर गुदमरून मरतो, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. 2015 साली अमेरिकेत बोआवर झालेल्या प्रयोगांनी दाखवलं, की दाबाने आधी रक्ताभिसरणच थांबतं. श्वास कोंडायची वाट बघावी लागत नाही. मी तीस वर्षं चुकीचं शिकवलं, याची नोंद आज जाहीरपणे करून ठेवतो. माझे काही विद्यार्थी समोर आहेत. गुण परत मिळणार नाहीत.

आणखी एक. मांडूळ अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतं. एका वेळी साधारण सहा-आठ, कधी जास्त. पिल्लं लालसर, शेपटीकडे काळे पट्टे असलेली. वाढत गेली की पट्टे पुसट होतात आणि सगळं अंग एकरंगी, विटकरी किंवा काळपट. मादी नरापेक्षा मोठी होते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

थोडं इतिहासात जाऊ. या सापाचं शास्त्रीय नाव एरिक्स जॉनी. हा जॉनी कोण? सिनेमातला नव्हे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी नावाचं गाव आहे, तिथे तेव्हा डेन्मार्कची वसाहत होती. त्या वसाहतीत क्रिस्टोफ सॅम्युअल जॉन नावाचा जर्मन मिशनरी होता, धर्मोपदेशाइतकाच निसर्गाचा नादी. त्याच्या नावावरून 1801 साली पॅट्रिक रसेल या स्कॉटिश डॉक्टरने या सापाचं बारसं केलं. रसेल 1781 साली विशाखापट्टणमला आला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गतज्ज्ञ झाला. त्याच्यापुढे प्रश्न अगदी व्यावहारिक होता. कंपनीची माणसं आणि इथली रयत साप चावून मरतात, तर विषारी कुठला आणि बिनविषारी कुठला, हे झटकन ओळखायचं कसं? त्यासाठी त्याने साप जमवले, चितारून घेतले, कोंबड्या-कुत्र्यांवर विषाचे प्रयोग केले आणि 1796 साली कोरोमंडल किनाऱ्याच्या सापांवरचा आपला मोठा ग्रंथ काढला.

दैवाची गंमत बघा. रसेलने निरुपद्रवी मांडुळाला पाद्र्याचं नाव दिलं. आणि शास्त्रज्ञांनी रसेलचं नाव दिलं कुणाला? घोणशीला! इंग्रजीत ती आजही रसेलचीच घोणस. आमच्याकडे मांडुळाचा एक चुलतभाऊ आहे, डुरक्या घोणस. तोही बिनविषारी, मातीतच राहणारा, पण अंगावर घोणशीसारखे ठिपके. त्या ठिपक्यांपायी बिचारा घोणस समजून ठेचला जातो. उलटंही होतं, आणि ते जास्त भयंकर. अजगराचं पिल्लू म्हणून पोरं घोणस उचलतात. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसं दगावतात असा 2000 ते 2019 या काळाचा अंदाज आहे. रसेलचा प्रश्न अजून सुटलेला नाही, एवढाच याचा अर्थ.

इथे मी माझ्या दुसऱ्या मुद्द्याशी येतो. हा मुद्दा कबुलीजबाबासारखा आहे.

तो प्रश्न सोडवायला आमची पिढी बाहेर पडली. 1980 साली पुण्यात नीलमकुमार खैरे 72 तास 72 विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत राहिले, तेव्हा माझ्या वयाच्या पोरांवर गारुड झालं. पुढे कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. गावोगावी सर्पमित्र तयार झाले. आम्ही शाळाशाळांतून फिरलो. आमचं बोधवाक्य काय होतं? 'भीती घालवा, साप वाचवा.' माणूस सापाला का मारतो? भितो म्हणून. मग बहुतेक साप बिनविषारी आहेत हे त्याला पटवलं की काठी आपोआप खाली येईल. किती सरळ गणित!

आणि भीती घालवायला सगळ्यांत सोयीचा साप कुठला? मांडूळ. चावत नाही, फुत्कारत नाही, पळत नाही, मुलांच्या हातात दिलं तर मनगटाभोवती गुंडाळून स्वस्थ बसतं. मी स्वतः शेकडो मुलांच्या गळ्यात मांडूळ घातलं आहे. सातवीतल्या एका मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. आधी डोळे गच्च मिटलेले, मग एक डोळा किलकिला, मग एकदम हसू. म्हणाली, 'सर, हे तर गार पाण्याच्या पिशवीसारखं लागतंय.' मला त्या दिवशी वाटलं होतं, एक काठी कमी झाली.

मग एका प्रदर्शनानंतर एक गृहस्थ माझ्यामागोमाग जीपपर्यंत आले. स्वच्छ कपडे, नम्र बोलणं. 'सर, फार छान माहिती दिलीत. ते मांडूळ साधारण कुठल्या भागात सापडतं?' मी भाबडेपणाने जमिनीचा प्रकार सांगितला, ऋतू सांगितला, वेळ सांगितली. ते लिहून घेत होते. शेवटी वही मिटून त्यांनी विचारलं, 'आणि वजन कितीपर्यंत जातं?'

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही भीती घालवली, ती जागा मोकळी झाली, आणि त्या जागेत हाव येऊन बसली. नागाला त्याची फणा वाचवते. घोणशीला तिचा कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार वाचवतो. मांडुळाला त्याची थाप वाचवत होती, पण ती घारीपासून, मुंगसापासून. माणसापासून त्याला जे वाचवत होतं ते म्हणजे आजीचं कोड. ते खोटं होतं. ते आम्ही खोडून काढलं. खोडून काढायलाच हवं होतं, असं मी आजही म्हणेन. पण त्याची किंमत सापाने मोजली, हेही म्हणेन.

हाव कसली, तेही सांगतो, कारण आपल्यातल्या सुशिक्षितांना वाटतं हे सगळं अडाणी लोकांचं काम. मांडूळ घरात ठेवलं तर गुप्तधन दिसतं. मांडुळाची पूजा बांधली तर पैशांचा पाऊस पडतो. परदेशात त्यापासून दुर्धर रोगांवर औषध करतात. अमावास्येला अमुक, पौर्णिमेला तमुक. एकाच सापाच्या अंगावर मांत्रिक, हकीम आणि शेअर दलाल असे तिघे एकदम बसलेत. 2013 साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. ज्यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं, त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात खून झाला. पैशांचा पाऊस पाडणाऱ्यांची जाहिरात मात्र आता मोबाईलवर येते, व्हिडिओसह.

या बाजाराची एक खुबी मला फार उशिरा कळली. सांगतो. गावातला माणूस मांडूळ पकडतो आणि ते तालुक्याच्या माणसाला पाच-दहा हजारांत देतो. तो पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्याला लाखात सांगतो. तो पुढच्याला कोटीत. पुढचा 'पार्टी' शोधतो. पार्टी कोण? पार्टी म्हणजे आणखी एक दलाल. या साखळीच्या शेवटी उभा राहून 'हो, मला हा साप हवा आहे, हे घ्या कोटी रुपये' असं म्हणणारा माणूस कुणी पाहिला आहे का? मी तरी पाहिला नाही. या बाजारात सगळे विक्रेते आहेत, गिऱ्हाईक कुणीच नाही. पैसे घेऊन खरोखर कुणी येतं, तर तो साध्या कपड्यातला पोलीस असतो! बातम्या वाचा, 'बनावट गिऱ्हाईक पाठवून सापळा रचला', हे वाक्य छापून तयारच असावं.

पण गिऱ्हाईक नाही म्हणून सापाचं नुकसान कमी होत नाही. 2016 ते 2021 या काळात देशभरात मांडूळ जप्त झाल्याच्या 172 घटना एका पाहणीत मोजल्या गेल्या. त्यांतल्या 59, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त, एकट्या महाराष्ट्रातल्या. पुणे, ठाणे, मुंबई उपनगर, रायगड. म्हणजे आपण पहिले. क्रमांक पहिला आला की आपण पेढे वाटतो, म्हणून सांगितलं. आणि ह्या पकडल्या गेलेल्या घटना. न पकडलेल्या कोण मोजणार?

आता ते वाक्य आठवा. मादी नरापेक्षा मोठी होते. या बाजारात भाव कशावर ठरतो? वजनावर. ठराविक वजनाच्या वर गेलं तरच 'माल'. हलकं मांडूळ सापडलं तर ते पिंपात ठेवून, उंदीर चारून फुगवायचं. आणि रानातून उचललं जातं ते कोण? सगळ्यांत मोठं, सगळ्यांत जड. म्हणजे पिल्लं देणारी, वयात आलेली मादी. शेतकऱ्याने बियाण्याचीच कणसं खुडून खाल्ली तर पुढच्या साली काय पेरायचं? आंतरराष्ट्रीय यादीत हा साप आता 'संकटाच्या उंबरठ्यावर' या रकान्यात गेला आहे. एका काळी आमच्या बांधावर नांगरटीला दर खेपेला एखादं तरी वर यायचं.

तिसरी गोष्ट, पाळणं. प्रश्नोत्तरांत कुणीतरी तरुण हे विचारणारच, म्हणून आधीच बोलतो. 'सर, मला साप आवडतात. विकायचा नाही, मारायचा नाही, नुसता पाळायचा आहे. त्यात वाईट काय?' प्रश्न प्रामाणिक आहे, मी त्याला हसत नाही.

कायद्याचं उत्तर छोटं आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने मांडूळ संरक्षित आहे. पकडणं, बाळगणं, विकणं, सगळा गुन्हा. प्रेमाने बाळगलं तरी गुन्हा.

मग पोरं म्हणतात, परदेशी साप चालेल? आणि इथे गोष्ट जरा लांबते. अमेरिका-युरोपात साप पाळणं हा मोठा छंद आहे. आग्नेय अमेरिकेतला कॉर्न स्नेक, हा तिथल्या मक्याच्या कणग्यांभोवती उंदरांमागे फिरणारा, नारंगी, देखणा साप. आपल्या धामणीच्या गोतातला म्हणा. तो आता पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मतो. पूर्व आफ्रिकेतला मांडुळाचा एक भाऊबंदही लोक हौसेने पाळतात. आणि सगळ्यांत लाडका बॉल पायथन, पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर. घाबरला की डोकं मध्ये घालून स्वतःचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. बघा, पुन्हा डोकं लपवणारा! जगभर ज्या सापांनी माणसाला घाबरवायचं नाकारलं, तेच साप माणसाने घरी नेले. बेनिन देशात विडा नावाचं गाव आहे, तिथे या अजगरांचं देऊळ आहे. अजगर रस्त्यावर आला तर लोक अदबीने उचलून देवळात सोडतात. त्याच बेनिनमधून, शेजारच्या टोगो आणि घानामधून, हेच अजगर वर्षानुवर्षं पेट्यांत भरून परदेशी बाजारात जात आले आहेत. पूजा आणि निर्यात, एकाच मुलखात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. नागपंचमी आपल्याकडेही आहे.

या बॉल पायथनची पैदास करताना हौशी लोकांनी नवनवे रंग काढले. पांढरा, पिवळा, ठिपक्यांचा. त्यातला एक प्रकार अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असलेला. फार सुंदर दिसतो. पण त्या नक्षीबरोबर एक दोष येतो. सापाचं डोकं डुगडुगतं, तोल जातो, भक्ष्यावर नेम बसत नाही. पाळणाऱ्यांना हे ठाऊक आहे, तरी तो विकला जातो. कारण काय? दिसतो छान. यात क्रूरपणा आहे असं मी पटकन म्हणणार नाही. यात प्रेमच आहे, पण ते सापावर आहे की नक्षीवर, हे ज्याने त्याने आरशात बघून ठरवावं.

आणि कंटाळा आला की? फ्लोरिडात कंटाळलेल्या मालकांनी सोडलेले आणि पिंजऱ्यांतून निसटलेले बर्मी अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत इतके माजले, की 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या रकूनचं दिसणं 99 टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. रकून म्हणजे आपल्या उदमांजरासारखा रात्रीचा प्राणी. तिथला अजगर आगंतुक. आपल्याकडे फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर पाळलेला परदेशी साप मालकाची बदली झाली की कुठे जाईल, याचा विचार दुकानदार करत नाही. 2020 साली केंद्र सरकारने अशा परदेशी प्राण्यांची स्वेच्छेने नोंद करायला सांगितली आणि 2022 च्या दुरुस्तीने कायद्यात त्यांच्यासाठी जागा केली. नोंद झाली, हे ठीक. पण साप पाळणं म्हणजे गोठवलेले उंदीर फ्रिजमध्ये ठेवणं, उन्हाळ्या-हिवाळ्यात तापमान राखणं, आणि जो जीव तुम्हाला कधी ओळखणारही नाही त्याची वीस-वीस वर्षं काळजी घेणं. कुत्रा शेपटी हलवतो ती तुमच्यासाठी. मांडूळ शेपटी हलवतं ते तुम्ही जावं म्हणून.

तरुण मित्रांना माझा एक उलटा प्रस्ताव असतो. पाळू नका, शेजार करा. तुमच्या शेताच्या कोपऱ्यात दगडांचा ढीग, जुन्या विटा, न पेटवलेला बांध राहू द्या. विष घातलेलं धान्य उंदरांपुढे टाकू नका, ते उंदरातून सापाच्या पोटात जातं. मांडूळ असेल तर कधीतरी पावसाळ्याच्या तोंडाशी रात्री बॅटरीच्या उजेडात दिसेल. दिसलं तर फोटो काढा, पण फोटोबरोबर गावाचं नाव टाकू नका. ते नाव वाचायला तो वहीवाला गृहस्थ बसलाच आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. पाच मिनिटं. चिठ्ठीत काय लिहिलंय ते माहीत असतं, तरी ती उघडायला माणसाला दोन मिनिटं लागतात! एकच प्रसंग सांगतो.

जप्त झालेल्या मांडुळाचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही. कायद्याच्या भाषेत तो 'मुद्देमाल' असतो. चाकू, मोबाईल, दुचाकी, आणि साप. पंचनामा होतो, वजन होतं, लांबी मोजली जाते. मग त्याला सोडायला कोर्टाची परवानगी लागते. तोवर साप बादलीत. काही वर्षांपूर्वी असंच एक मांडूळ ओळख पटवायला मला बोलावलं होतं. गाव सांगत नाही, खातं सांगत नाही. प्लास्टिकची निळी बादली, वर भोकं पाडलेलं झाकण, झाकणावर दगड. आत साप. शेपटीच्या टोकाला कुणीतरी तापलेल्या सळईने दोन ठिपके दिलेले. डोळे. भाव वाढावा म्हणून.

तीन आठवड्यांनी परवानगी आली. मी, एक वनरक्षक आणि बंदोबस्ताला दिलेला एक हवालदार, असे तिघे संध्याकाळी नदीकाठच्या रेताड माळावर गेलो. हवालदार पन्नाशीचा, साताऱ्याकडचा, बोलका. वाटेत मला म्हणाला, 'साहेब, हे खरंच काही देत नाही का हो?' मी म्हटलं, 'उंदीर मारतं.' तो म्हणाला, 'ते आमचं मांजरपण मारतं.' आणि गप्प बसला.

पिशवी उघडून साप वाळूवर ठेवला. आधी तो तसाच पडून राहिला, डोकं खाली, शेपटी वर, ते जळके ठिपके आमच्याकडे रोखून. आम्ही पाच-सहा पावलं मागे झालो. बराच वेळ काही नाही. मग वेटोळं सैल झालं. नाकाडाची कड वाळूत टेकली आणि अंग एका बाजूने आत जायला लागलं. आवाज नाही, धडपड नाही. ओल्या पिठात लाटणं रुतावं तसं. वाळू दोन्हीकडे किंचित वर आली आणि परत बसली. अर्धं अंग गेलं, मग पाऊण. शेवटी चार बोटं उरली.

हवालदार माझा दंड धरून कुजबुजला, 'साहेब, थांबा, तोंड अजून बाहेरच आहे.'